उरण लोकल आणि पुढची भुयारी मेट्रो: दोन वर्षं रोज वापरल्यावर

उरणजवळच्या मोऱ्याच्या आमच्या घरात सकाळी आधी तिथी बघायचो, मग घड्याळ. मोरा ते भाऊचा धक्का ही लाँच म्हणजे मुंबईला जायचा आमचा जवळचा रस्ता, साधारण पाऊण तासाचा. पण बंदरात गाळ इतका साचतो की उधाणाच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, लाँच धक्क्याला लागत नाही. पुनव-अवसेला आपल्या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या आसपास आणि मध्यरात्री येते. म्हणजे सुकती नेमकी सकाळी सहा-सात आणि संध्याकाळी सहा-सात. नोकरदाराच्या जायच्या-यायच्या वेळा त्याच. पावसाळ्यात तीन नंबरचा बावटा लागला की लाँच बंद, मग बस आणि करळ फाट्यावर कंटेनरच्या ट्रेलरमागे बसून राहणं. दहा वर्षं मी अशी नोकरी केली.

12 जानेवारी 2024 ला, अटल सेतूच्या उद्घाटनाच्याच दिवशी, उरण लोकलचा खारकोपर ते उरण हा राहिलेला टप्पा सुरू झाला. खारकोपरपर्यंत गाडी 2018 पासून येत होती. पुढच्या साडेचौदा किलोमीटरसाठी आणखी पाच वर्षं गेली. फेब्रुवारीत पास काढला, त्यात आजवर खंड नाही. काम वरळीला, हिशेबाचं. उरण ते नेरुळ, तिथून हार्बरने सीएसएमटी किंवा कुर्ला आणि पुढे वरळी, असा रोजचा प्रवास आहे. म्हणून लिहितोय ते या सगळ्या साखळीबद्दल.

आधी चांगलं. गाडी उरणहूनच सुटते, त्यामुळे सकाळी बसायला मिळतं. पाऊण तासाच्या आत नेरुळ. वाटेत खारफुटी, खाडी, बामणडोंगरीच्या आसपास नवीन इमारती. तिसऱ्या महिन्यात एक गोष्ट लक्षात आली: मी घरी फोन करून "आज उशीर होईल" हे सांगणं बंद केलं होतं. कधी पोचणार हे आता मला स्वतःलाच माहीत असतं. ज्यांच्या दारात वर्षानुवर्षं स्टेशन आहे त्यांना याचं मोल कळणार नाही.

आणि आई. ती सुकी मासळी विकते. बोंबील, जवळा, सुकट. पूर्वी बसमध्ये पाटी घेऊन चढली की लोक नाकाला पदर लावायचे, कधी कंडक्टर खालीच थांबवायचा. त्यामुळे तिचा धंदा उरणच्या बाजारापलीकडे कधी गेला नाही. आता आठवड्यातून तीन दिवस ती लोकलच्या मालडब्यातून नेरुळला जाते. तिच्यासोबत करंजाच्या दोघी असतात. तिघी मिळून डब्यात पाट्या एकावर एक लावतात, गप्पा मारत जातात, दुपारच्या गाडीने रिकाम्या पाट्या घेऊन परत. साठी उलटल्यावर तिला नवीन गिऱ्हाईक मिळालं. पहिल्या आठवड्यात मला म्हणाली, "या गारीला पानी लागत नाय रं." भरती-ओहोटीवर आयुष्य काढलेल्या बाईचं हे मत मी इथल्या कुठल्याही आकड्यापेक्षा वर ठेवतो.

आता त्रासाचं, आणि हे मला नीट मांडायचंय. हा टप्पा सुरू झाला तेव्हा जाऊन-येऊन, नेरुळ आणि बेलापूर मिळून, दिवसाला 40 फेऱ्या होत्या. म्हणजे उरणकडे साधारण तासाला एक गाडी. सकाळी हे चालून जातं, कारण आपण घरून वेळ बघून निघतो. संध्याकाळी ते आपल्या हातात राहत नाही. माझी पनवेल लोकल नेरुळला पाच मिनिटं उशिरा पोचली की मी पूल चढून पलीकडे उतरेपर्यंत उरणच्या गाडीचा मागचा लाल दिवा दिसतो. मग फलाटावर एक तास. एका जूनमध्ये मी मोजलं, पाच वेळा असं झालं. एकदा माझ्याबरोबर एक बाई होती, कडेवर ताप आलेलं मूल. रिक्षाने जायचं म्हटलं तर तेवढे पैसे नव्हते आणि बसही भरून गेली होती. आम्ही दोघांनी मिळून त्या मुलाला वारा घातला, तास काढला. पनवेल लोकल फलाटात शिरताना दिसत असेल तर उरणची गाडी दोन मिनिटं धरायला काय हरकत आहे, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. दोन मिनिटांत फलाटावरचे शंभर जण घरी पोचतील.

या रुळांसाठी आम्ही काय दिलंय तेही सांगितलं पाहिजे. आमच्या शेतांवर, मिठागरांवर नवी मुंबई आणि न्हावा-शेवाचं बंदर उभं राहिलं. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई-नवघरच्या भागात पाच जण गोळीबारात गेले, आणि त्यातूनच पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. बंदर 1989 ला सुरू झालं. तेव्हापासून कंटेनरच्या मालगाड्या आमच्या गावांशेजारून धावत होत्या आणि माणसं भरतीची वाट बघत होती. म्हणून तासाला एक गाडी मिळाली याबद्दल आम्ही आभार मानत बसावं असं कुणी म्हटलं की मला राग येतो. अर्ध्या तासाला एक गाडी ही मागणी रास्त आहे.

पुढचा टप्पा, म्हणजे हार्बर आणि मेट्रो. हार्बरला जलद गाडी नाही, सगळ्या धिम्या. नेरुळ ते सीएसएमटी तासाभराच्या वर जातो. याच मार्गावर, आताच्या सीएसएमटीहून कुर्ल्याला, 3 फेब्रुवारी 1925 रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. आज त्याच पट्ट्यात दारात लटकलेली माणसं बघितली की वाटतं, शंभर वर्षांत गाड्या वाढल्या, गर्दी त्याहून जास्त वाढली.

पूर्वी मी कुर्ल्याला उतरायचो, जिना चढून मध्य मार्गावर यायचो, दादर गाठायचो, पुढे बस. दादरहून वरळीला बसने किती वेळ लागेल हे सिग्नलवर. ऑक्टोबर 2025 मध्ये भुयारी मेट्रोचा शेवटचा तुकडा सुरू झाला आणि आरे ते कफ परेड ही 33.5 किलोमीटरची, 27 स्थानकांची लाइन पूर्ण झाली. तेव्हापासून मी कुर्ला सोडलं. थेट सीएसएमटीला उतरतो, तिथून मेट्रोने वरळी. अंतर वाढलं, वेळ जवळजवळ तेवढाच, पण मध्ये रस्ता नाही, सिग्नल नाही, जुलैतलं पाणी नाही. आणि परतीला मोठा फायदा: पनवेल लोकल सीएसएमटीहूनच सुटते, बसायला मिळतं. कुर्ल्याहून चढायचो तेव्हा मानखुर्दपर्यंत बॅग छातीशी धरून उभा असायचो. चाळिशीच्या पुढे गुडघ्यांचा हिशेब धरावाच लागतो.

मेट्रोचं तिकीट 10 रुपयांपासून 70 रुपयांपर्यंत आहे. रोजच्या माणसाला ते जाणवतं. लोकलच्या महिन्याच्या पासाच्या हिशेबाने बघाल तर मेट्रो महागच. मी एरवी मेट्रो घेतो आणि महिनाअखेरीला हात आखडला की पुन्हा कुर्ला-दादर करतो.

बहीण मरोळला राहते. नवीन मेट्रो मरोळ नाक्याला जाते म्हणून दिवाळीत आईला घेऊन सीएसएमटीहून बसलो. एवढं उलटं जायची काही गरज नव्हती. उरणकडून मरोळला जायचं तर कुर्ल्याला बदलून घाटकोपर आणि तिथून 2014 पासून चालणारी जुनी मेट्रो 1 हाच जवळचा रस्ता. घाटकोपरला रेल्वेचा पूल मेट्रो स्थानकाला थेट जोडलाय, म्हातारं माणूस बरोबर असेल तर ही सोय फार मोठी. फक्त संध्याकाळी सहानंतर घाटकोपरला जाऊ नका, तपासणीच्या रांगेतच दमायला होतं. दादरचंही तसंच: भुयारी मेट्रोचं दादर स्थानक पश्चिमेला आहे, रेल्वेच्या फलाटावरून उतरलं की समोर मेट्रो अशी कल्पना करू नका, बाजारातून चालावं लागतं.

उरणहून नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी थोडं. परतीच्या उरण गाडीची वेळ आधी बघा आणि तिच्यापासून मागे मोजत या. सीएसएमटीहून एक पनवेल लोकल आधीची पकडा, नेरुळला पंधरा मिनिटं बसलेलं बरं. मेट्रोचं तिकीट खाली उतरण्याआधी मोबाईलवर काढून ठेवा. रविवारी हार्बरचा मेगाब्लॉक बघितल्याशिवाय घर सोडू नका. पावसाळ्यात छत्री आणि एक कोरडा शर्ट बॅगेत. उरण स्टेशनवर रात्री उतरलात तर मोऱ्याची शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबावं लागतं, बायकांनी ओळखीच्या दोघी-तिघी मिळून निघावं.

लाँच मी पूर्ण सोडलेली नाही. भांगाच्या दिवसांत, पाणी कमी हलतं तेव्हा, सकाळी मुंबईत लवकर पोचायचं असेल तर आजही लाँचच आधी नेते. गेल्या शनिवारी आईला डोळे तपासायला न्यायचं होतं. अष्टमी होती. मी लाँचचं बघत होतो, तिने पिशवी उचलली आणि स्टेशनच्या रिक्षात जाऊन बसली.