रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळचं बोटीचा पंखा (प्रोपेलर) रिपेअरचं वर्कशॉप, 5 पैकी 5

आमचा ट्रॉलर मिरकरवाड्याला असतो. मागच्या सीझनला इंजिन 1500 आरपीएमच्या वर नेलं की मागून खडी ढवळल्यासारखा आवाज यायचा, इंजिन नुसतं चढायचं पण बोट काय पुढे रेटायची नाही. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी पंखा दिलेला, त्यांनी वेल्डिंग करून वरून चकाचक बफिंग मारलं, बॅलन्सिंग पण बरोबर होतं तरी पंधरा दिवसांत आवाज परत सुरू. 1 जूनची मासेमारीबंदी लागली, बोट वर ओढली तेव्हा बघतो तर पात्यांच्या बोटीकडच्या अंगाला धातू नुसता पोखरलेला, जाळी पडल्यासारखा.

इथल्या मिस्त्रींनी पंखा हातात घेतल्यावर आधी पाणी कापणारी कड नखाने चाचपली, नख अडकलं तिथे खडूने खूण केली, आणि काय सांगू, प्रत्येक खुणेच्या बरोब्बर मागे पोखरलेला पट्टा! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी सांगितलं ते असं, की पातं जोरात फिरलं की त्या बोटीकडच्या अंगाला पाण्याचा दाब कमी होतो, आणि आपल्या समुद्राचं पाणी 28-30 डिग्रीचं, त्याचा दाब हवेच्या दाबाच्या 4 टक्क्यांपर्यंत उतरला की ते न तापवताच उकळायला लागतं. पाण्यात आधीच डोळ्यांना न दिसणारे हवेचे बुडबुडे असतात तेच फुगतात. कडेला खोक असली की पाणी तिथे उसळी मारतं, त्या एवढ्याशा जागी दाब अजूनच उतरतो, म्हणून कमी स्पीडलाच सुरुवात होते. पुढे दाब परत वाढला की बुडबुडे फटाफट आत कोसळतात, त्याचाच तो आवाज आणि त्यानेच धातू उडतो.

त्यांचा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमावाला, तो म्हणाला 1894 ला इंग्लंडात पार्सन्स नावाच्या इंजिनियरच्या टर्बिनिया बोटीला पण हेच नडलं होतं, एका पंख्यावर वेगच येईना, शेवटी तीन शाफ्टवर नऊ पंखे बसवले तेव्हा 34 नॉटच्या (ताशी 63 किलोमीटरच्या) आसपास गेली.

काम एकदम मनापासून. चारही पात्यांची कड टेम्प्लेट लावून हाताने घासली, पिच (पात्यांचा पीळ) तपासला, टोकं सारखी केली, कुठे घाई नाही. ऑगस्टपासून 1800 ला पण आवाज नाही, आणि तांडेल (बोट चालवणारा) स्वतः म्हणाला बोट हलकी चालते. पैसे थोडे जास्त पडले पण मला एक रुपया जड वाटला नाही. फक्त पंखा जूनच्या पहिल्या आठवड्यातच नेऊन द्या, जुलैत रांग असते.