लशीच्या पेटीत कोणता लॉगर: बटण-सेलचा की सिमकार्डवाला?

पुण्याहून मुंबई विमानतळावर जाणाऱ्या २ ते ८ अंशांच्या पेटीत लॉगर, म्हणजे तापमान नोंदवत राहणारं छोटं यंत्र, टाकतोच. प्रश्न कोणता टाकायचा, एवढाच.

साध्या यूएसबी लॉगरमध्ये बहुतेकदा सीआर २०३२ हा बटण-सेल असतो. त्यात लिथियम जेमतेम ०.१ ग्रॅम, आणि विमानाने बॅटऱ्या नेण्याच्या कडक नियमांतून सवलतीची मर्यादा प्रति सेल १ ग्रॅम. शिवाय उपकरणात बसवलेला बटण-सेल असेल तर पेटीवर लिथियम बॅटरीची खूण लावावी लागत नाही. तोच सेल सुटा पाठवला की सगळं गणित बदलतं, हे नवखे विसरतात.

वाटेतच तापमान कळवणाऱ्या सिमकार्डवाल्या लॉगरचं, म्हणजे ट्रॅकरचं, तसं नाही. त्यात चार्ज होणारी लिथियम-आयन बॅटरी असते, म्हणजे यूएन ३४८१ (उपकरणासोबतच्या लिथियम-आयन बॅटरीचा धोकादायक मालाच्या यादीतला क्रमांक). ३.७ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-तास म्हणजे १८.५ वॉट-तास; सेलची २० ची मर्यादा थोडक्यात सांभाळली. प्रत्येक पेटीत एकच ट्रॅकर आणि खेपेत दोनच पेट्या असतील तर खूण माफ. तिसरी पेटी आली की लाल तिरप्या रेघांच्या कडेची खूण प्रत्येक पेटीवर हवी, एअर वेबिलवर (विमानाने जाणाऱ्या मालाच्या पावतीवर) तशी नोंदही. बॅटरीच्या यूएन ३८.३ या सुरक्षा-चाचणीचा गोषवारा मागितला तर दाखवता यायला हवा. आणि हे यंत्र उड्डाणात चालू राहणार, म्हणून रेडिओ लहरी विमानाच्या यंत्रणेत ढवळाढवळ करणार नाहीत याचीही खात्री लागते. आमची एक खेप कार्गो काउंटरवर नेमकी या खात्रीच्या कागदावरून अडली होती. बर्फाच्या पिशव्या मात्र कोणासाठी थांबत नाहीत.

तरी महागड्या इंजेक्शनांसाठी मी ट्रॅकरच घेतो. तापमान चढलं हे पोहोचल्यावर कळून करायचं काय? नेहमीच्या मालाला बटण-सेल पुरतो.