ब्लॉगर: कंपनी विसरली, हेच बरं

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा का कापला ते पुढे येईलच. आधी एवढं सांगते की गूगलचं ब्लॉगर, म्हणजे ब्लॉग लिहून प्रसिद्ध करायची सेवा, अजून चालू आहे, अजून फुकट आहे, आणि मराठीत जरा लांबलचक लिहू पाहणाऱ्या माणसाला मी आजही तेच सुचवते. सुचवलं की लोक हसतात. माझा भाचा म्हणाला, "आत्या, ब्लॉग अजून असतात?" ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या गुजराती बेनचा, म्हणजे ताईंचा, सल्ला याहून सरळ: "बेन, रील बनावो ने!" रील बनवा ना!

रील मला जमणार नाही. मी बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका ऑफिसात हिशेबाचं काम करते, दुकानदारांची जीएसटीची विवरणपत्रं भरते. महिन्याची वीस तारीख उलटली की जरा श्वास घ्यायला मिळतो, तेव्हा लिहिते. विषय बडोद्याचेच. तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं, कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांनी रंगवलेल्या भिंती, आमच्याकडच्या सेव-उसळीत आणि पुण्याच्या मिसळीत नक्की फरक काय, बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या काळातले कायदे. हे सगळं तीस सेकंदांत बसत नाही. बसवायचं ठरवलं तर आधी कायदे जातात आणि सेव-उसळ उरते.

ब्लॉगर १९९९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. पायरा लॅब्ज नावाच्या लहानशा कंपनीचं ते काम, आणि २००३ साली गूगलने ती कंपनीच विकत घेतली. ते बनवणाऱ्यांतला एक, इव्हान विल्यम्स, पुढे २००६ मध्ये ट्विटर काढणाऱ्यांतही होता, आणि २०१२ मध्ये त्याने मीडियम काढलं. म्हणजे लोकांना हवं तेवढं लिहायला जागा देणारा, मग तेच १४० अक्षरांत आटपायला लावणारा आणि नंतर पुन्हा लांब लेखांकडे वळणारा माणूस एकच. मला याची गंमत वाटते. त्याचंही कुठेतरी ठरत नसावं.

आता वापरायला कसं आहे ते. आत गेलं की डावीकडे यादी, वर 'नवीन पोस्ट'चं बटण, ते दाबलं की पांढरा कागद. बस. "तुमच्या मनात काय चाललंय?" असं विचारणारी चौकट नाही. बाजूला दुसऱ्या कोणाचा वाढदिवस नाही, लग्नाचे फोटो नाहीत, घंटेवर लाल आकडा नाही. लिहून 'प्रकाशित करा' दाबलं की काय होतं? काही होत नाही. लेख जागेवर जाऊन बसतो आणि तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावता.

गूगलचं या सेवेकडे फारसं लक्ष नाही, हे कोणीही वापरून पाहिलं तर कळेल. २०२० साली संपादनाचा पडदा बदलला, तो मोठा बदल. एरवी वर्षानुवर्षं जैसे थे. जाणकार मंडळी हा दोष म्हणून सांगतात. मी याच गुणासाठी दोन तारे देते. लक्ष नाही म्हणून ते तुम्हाला हलवतही नाही. "तुमच्या मागच्या लेखाला कमी प्रतिसाद मिळाला, आज काहीतरी टाका" असली आर्जवं नाहीत. सोशल नेटवर्कवर विचार करणं म्हणजे गणपतीच्या मांडवात लाउडस्पीकरखाली बसून रोजमेळ तपासण्यासारखं आहे; बेरीज येते, पण ती आपली असते का मांडवाची, ते सांगता येत नाही.

माझ्याच लेखनातलं उदाहरण देते. अकरा मार्च, सयाजीरावांची जयंती. त्या दिवशी बडोद्याच्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर सकाळी सहापासून एकच फोटो फिरतो आणि खाली एक ओळ असते: सक्तीचं मोफत शिक्षण देणारा राजा. खरीच ओळ आहे. १८९३ साली अमरेली तालुक्यात प्रयोग, १९०६ साली सगळ्या संस्थानासाठी कायदा. उरलेल्या हिंदुस्थानात तोवर अशा कायद्याची नुसती चर्चाच. पण सक्ती म्हटली की दंड आलाच. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. ज्याच्या घरी दहा वर्षांचं पोर गुरं राखत होतं, त्याला शाळा म्हणजे एक हात कमी आणि वर पैसे भरा. हे मी एका मोठ्या सोशल नेटवर्कवर चार ओळींत लिहिलं. चहा संपायच्या आत पहिला राग आला. दुपारपर्यंत महाराजांचा अपमान झाला होता. संध्याकाळी चर्चा मी मूळची बडोद्याची की नाही यावर गेली होती. दुसऱ्या बाजूने माझी पाठ थोपटणारेही आले आणि त्यांचं मला जास्त वाईट वाटलं, कारण त्यांना राजेशाही कशी वाईट एवढंच म्हणायचं होतं. दंडाबद्दल कोणालाच काही विचारायचं नव्हतं.

तोच विषय पुढे ब्लॉगवर घेतला. तिथे घाई नव्हती, त्यामुळे दंडापाशी थांबले नाही. दंड करून पोर शाळेत बसवलं, चार वर्षांनी ते परत गुरांमागे गेलं, मग त्याच्या अक्षरांचं काय? हातात पुस्तक पडलं नाही तर विसरणारच. तिथून मी १९१० सालाशी आले. त्या वर्षी सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून घेतला, बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, गावोगाव वाचनालयं निघाली आणि जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं नियतकालिक निघत होतं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत. दंडाचा कायदा आणि पुस्तकांची पेटी या मला तोवर दोन वेगळ्या गोष्टी वाटत होत्या, एक कडक आणि एक प्रेमळ. लिहिता लिहिता दिसलं की पहिलीने निर्माण केलेला प्रश्न दुसरी सोडवत होती. पटणार नाही त्याने न पटवून घ्यावं. पण मांडवीतल्या त्याच मध्यवर्ती ग्रंथालयात, त्या काचेच्या जमिनीवर लोखंडी मांडण्यांमध्ये उभी राहून मी या विषयावरचं मराठी वाचलं आणि मग हा लेख लिहिला. चार ओळींच्या पोस्टसाठी कोण मांडवीला जाईल? स्कूटर लावायला जागा मिळत नाही तिथे.

'वेगळा विचार करा' हे हल्ली टी-शर्टवरही लिहिलेलं असतं. माझ्या मते त्यासाठी खास डोकं लागत नाही. आपलं वाक्य पुरं होण्याआधी दुसऱ्याचं मत कानात पडू नये, एवढी सोय लागते. ब्लॉगरमध्ये ती आहे. ती कोणी मुद्दाम ठेवलेली नाही हे मला माहीत आहे.

आता कापलेला दीड तारा. यातला बराचसा देवनागरीच्या खात्यात जातो.

पहिली गोष्ट, लेखाचा पत्ता. ब्लॉगर शीर्षकावरून पत्ता आपोआप बनवतं, पण फक्त रोमन अक्षरांतून. मराठी शीर्षक दिलंत तर पत्त्यात 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा एवढंच येतं. तांबेकर वाडाही ब्लॉग-पोस्ट आणि सेव-उसळही ब्लॉग-पोस्ट. उपाय सोपा आहे: प्रकाशित करण्याआधी उजव्या बाजूला 'पर्मालिंक'मध्ये जाऊन रोमन अक्षरांत आपला पत्ता लिहा. मागाहून बदलला तर आधी वाटलेल्या लिंका मोडतात, म्हणून आधीच. वर्डप्रेस.कॉम इथे उलटं करतं, पत्ता देवनागरीतच ठेवतं. दिसायला छान. पण तो कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की बहुतेक वेळा एकेका अक्षराच्या जागी टक्के आणि आकड्यांची नऊ-नऊ चिन्हं येतात आणि समोरच्याला वाटतं, हिचा फोन हॅक झाला.

दुसरी, ओळींमधलं अंतर. तयार साच्यांत ते इंग्रजीच्या मापाने ठेवलेलं असतं. आपल्या वेलांट्या वर, उकार खाली. दोन ओळी एकमेकींच्या अंगावर येतात. थीममध्ये 'कस्टमाइझ', त्यात 'ॲडव्हान्स्ड', त्यात सीएसएस, म्हणजे पान कसं दिसावं याच्या सूचना, जोडायची जागा आहे. तिथे लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, १.८ केली की डोळे निवतात. हे मला भाच्याने करून दिलं, जो ब्लॉग अजून असतात का विचारत होता तोच. अवतरणं तिरकी दाखवणारे साचे टाळा. तिरकी देवनागरी वाऱ्यात सापडल्यासारखी दिसते.

फोटोंचं ठीक आहे. लेबलं चांगली आहेत, मी ती वहीतल्या खात्यांसारखी वापरते. वेळ ठरवून लेख लावायची सोय आहे. स्वतःच्या भेटी मोजू नका असं सांगता येतं, ते जरूर सांगा, नाहीतर आपणच आपल्या लेखाचे सर्वांत मोठे चाहते ठरतो. बाकी भेटींच्या आकड्यांवर फार विसंबू नये, त्यात माणसांइतकीच यंत्रंही येऊन जातात.

वाचक कुठून येतात हा खरा प्रश्न. एके काळी गूगल रीडर होतं. आवडते ब्लॉग त्यात नोंदवले की नवं लिखाण आपोआप समोर यायचं, ज्या क्रमाने लिहिलं गेलं त्या क्रमाने. १ जुलै २०१३ ला गूगलने ते बंद केलं. मराठी ब्लॉगांची वर्दळ तेव्हापासून ओसरली असं माझं मत, जरी फेसबुकने ती आधीच ओढायला सुरुवात केली होती. ईमेलने वर्गणीदार होण्याची सोय होती, तीही २०२१ च्या जुलैत थांबली. फीड, म्हणजे नवे लेख आपोआप पोचवणारी वाट, मात्र अजून आहे, प्रत्येक ब्लॉगला. फीड वाचायच्या फीडली किंवा इनोरीडर या सेवांमध्ये ब्लॉगचा पत्ता टाकलात की काम झालं. मी स्वतः असेच वीसेक मराठी आणि थोडे गुजराती ब्लॉग वाचते. कोणाचा लेख वर आणायचा हे तिथे कोणी ठरवत नाही. सहा महिन्यांनी एकदा लिहिणारा माणूसही बरोबर पोचतो. सोशल नेटवर्कवर तो केव्हाच हरवला असता.

माझे वाचक थोडे आहेत. त्यांतले एक सलाटवाड्यात वाढलेले आणि आता न्यू जर्सीत राहणारे काका आहेत. ते महिनोन्‌महिने गप्प असतात, मग एका रविवारी साचलेले सगळे लेख वाचून एकच लांब ईमेल पाठवतात, परिच्छेदांना आकडे घालून. दंडाच्या लेखावर त्यांनी तीन मुद्द्यांत मला विरोध केला. तिसरा मुद्दा, दंडाच्या रकमेचा शाळांनाच कसा उपयोग झाला असेल हा, मी अजून डोक्यात घोळवते आहे. अंगठा उंचावलेला असता तर घोळवायला काय होतं?

आता धोक्याचं. कंपनी विसरली हे मी गुण म्हणून सांगितलं, पण विसरलेली वस्तू एक दिवस आवराआवरीत सापडते आणि बाहेर जाते. गूगलने आपलं सोशल नेटवर्क ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद केलं, गूगल प्लस २०१९ च्या एप्रिलमध्ये. ब्लॉगरच्या बाबतीत भारतीय वाचकांना आणखी एक आठवण असेल: काही वर्षं आपल्याकडे ब्लॉग ब्लॉगस्पॉट डॉट इन या पत्त्यावर उघडत असत. २०२० मध्ये तो पत्ता गूगलच्या हातून गेला आणि जुन्या लेखांमधल्या असंख्य लिंका मेल्या. त्याआधी जुलै २००६ मध्ये, मुंबईच्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतरच्या दिवसांत, सरकारने मोजकी संकेतस्थळं रोखायला सांगितली तर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच, म्हणजे ब्लॉगरवरच्या ब्लॉगांचा पत्ताच, बंद केलं होतं. काही दिवसांत ते उघडलं. तेव्हा फुकटची जागा ही आपली जागा नव्हे, एवढं धरून चालावं. हा अर्धा तारा त्याचा.

म्हणून दोन कामं करा. स्वतःच्या नावाचा पत्ता विकत घ्या, वर्षाला हजार-दीड हजारांच्या आतबाहेर पडतो, आणि तो ब्लॉगरला जोडा. जोडण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. उद्या वर्डप्रेसवर जायची वेळ आली तरी पत्ता आपलाच राहतो. दुसरं, सेटिंग्जमध्ये 'मॅनेज ब्लॉग'खाली बॅकअप आहे, तो दर तिमाहीला उतरवून घ्या. एक फाइल येते, तीत सगळे लेख असतात. फोटो नसतात, फक्त त्यांचे दुवे असतात, तेव्हा मूळ फोटो वेगळे जपा. मी ही फाइल जीएसटीच्या तिमाही कागदांबरोबरच पेनड्राइव्हवर घालते.

ज्यांना धंदा वाढवायचाय, खाकरे किंवा पैठण्या विकायच्या आहेत, त्यांनी ब्लॉगरच्या वाटेला जाऊ नये. बेनचं ऐकावं, रील करावी. कविता करणाऱ्यांनीही दोनदा विचार करावा, त्यांना दाद लगेच लागते. ज्याच्याजवळ एखादा विषय आहे, त्याबद्दल थोडी शंका आहे आणि ती शंका गटावर टाकायची सोय नाही, त्याने आज रात्री खातं उघडावं. दहा मिनिटांचं काम आहे. पर्मालिंक तेवढं विसरू नका.