आधी आतून, मग बाहेरून: धुळ्यातील एका कल्हईच्या दुकानाविषयी

साक्री तालुक्यातील आमच्या ख्रिस्ती मंडळीकडे (चर्चकडे) पितळेची 5 मोठी भांडी आहेत: 3 गंज आणि 2 पातेली. नाताळाचे प्रीतिभोजन असो, लग्न असो किंवा कोणाच्या घरी झालेले दुःख असो, स्वयंपाक याच भांड्यांत होतो. प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचे नाव कोरलेले आहे आणि त्यातील सर्वांत मोठ्या गंजावर माझ्या सासऱ्यांचे नाव आहे. हे आधीच सांगते, कारण पुढच्या मजकुराशी त्याचा संबंध आहे.

मागच्या वर्षी ही भांडी आम्ही एका चकचकीत दुकानात दिली होती. तेथून ती आरशासारखी उजळून आली आणि पाहणाऱ्या प्रत्येकाने कौतुक केले. आत मात्र कल्हई, म्हणजे आंबट अन्न पितळेला लागू नये म्हणून देतात तो कथिलाचा लेप, जेमतेम फिरवलेली होती. त्या नाताळात कढी तासाभरात कळकली, तिला हिरवट रंग चढला आणि पंगत बसलेली असताना ती सगळी ओतून द्यावी लागली. दोष एकट्या दुकानाला देता येणार नाही. भांडी परत घेताना आमच्यापैकी एकानेही आत वाकून पाहिले नव्हते, आणि मी स्वतः तर नाव स्पष्ट वाचता येते ना, एवढेच पाहून समाधान मानले होते.

यंदा नोव्हेंबरमध्ये एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून भांडी छोटा हत्ती टेम्पोत घालून आम्ही धुळ्याला नेली. आग्रा रोडवरून आत वळणाऱ्या एका अरुंद गल्लीत हे कल्हईचे दुकान आहे. दुकानावर पाटी नाही. पुढे कोळशाची भट्टी, तिला जोडलेला हाताने फिरवण्याचा भाता, पाण्याची टाकी आणि भिंतीला टेकवलेली गिऱ्हाइकांची काळवंडलेली भांडी, एवढाच त्याचा थाट. काम करणारे वयस्कर गृहस्थ आहेत आणि सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते. त्यांनी प्रत्येक भांडे उजेडाकडे धरून आतला तळ आणि कड बोटाने चाचपून पाहिली, मग म्हणाले, “ताई, याला आतून आधी नागडं करावं लागेल. जुनं कथील राहिलं तर नवं धरणार नाही.”

ते काम मी बसून पाहिले. आधीची कल्हई आणि तळाशी बसलेली काजळी निघेपर्यंत एक तरुण कारागीर गंजात उतरून, भिंतीचा आधार घेऊन, वाळू आणि फडक्यावर पाय फिरवत राहिला. हे काम अर्ध्या तासाहून अधिक चालले. मग भांडे भट्टीवर तापले, चाचांनी आत नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर उठला आणि कथिलाची कांडी तापलेल्या पितळेला टेकताच पाण्यासारखी पसरली. कापसाच्या बोळ्याने ते कथील तळापासून कडेपर्यंत एकसारखे फिरवण्यासाठी हाताशी फार थोडा वेळ असतो, कारण भांडे अधिक तापले तर कथील जळून पिवळे पडते आणि निवले तर ते जागोजागी गोठते. दोन ठिकाणी त्यांना पातळ वाटले, तेव्हा आम्ही काही म्हणण्याआधीच त्यांनी भांडे पुन्हा भट्टीवर ठेवले. मला तर तो भाग आधीच चांदीसारखा दिसत होता.

कथिलाविषयी एक गोष्ट त्यांनी दाखवली, ती प्रत्येक गिऱ्हाइकाला ठाऊक असायला हवी. कथील महाग असल्यामुळे काही जण त्यात शिसे मिसळतात. चकाकी जवळजवळ तशीच येते, पण शिसे अन्नातून पोटात जाते आणि ते विष आहे. चाचांनी शुद्ध कथिलाची कांडी माझ्या कानाशी धरून वाकवली, तेव्हा तिच्यातून बारीक करकर ऐकू आली. शिसे वाकवले तर असा आवाज येत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 23व्या अध्यायात प्रभू येशू शास्त्री आणि परूशी या त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना ढोंगी म्हणून ताटवाटीचेच उदाहरण देतो: तुम्ही ती बाहेरून घासता, पण आत लोभ भरलेला आहे, आधी आतून स्वच्छ करा, म्हणजे ती बाहेरूनही स्वच्छ होईल. तेथे ‘ढोंगी’ या अर्थाने आलेला मूळ ग्रीक शब्द रंगमंचावरील नटासाठी वापरला जात असे. हा उतारा मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि ते बोलणे जुन्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना उद्देशून आहे, असेच मनात धरून चालले आहे. भट्टीपुढे बसल्यावर प्रथमच जाणवले की आमची मंडळीही नाताळाआधी फाटकाला रंग देते, दिवे लावते, साड्या निवडते, आणि ज्या दोन कुटुंबांचे वर्षभर एकमेकांशी बोलणे नाही, त्यांच्याकडे मात्र कोणी जात नाही.

बाहेरच्या बाजूचे विचारले, तेव्हा चाचांनी सरळ सांगितले की चिंच आणि राखेने घासून देतो, पण मशीनवर बफ, म्हणजे चकाकीसाठी फिरणारे कापडी चाक, लावला तर पितळ झिजते आणि कोरलेली अक्षरे आणखी पुसट होतात. मी सासऱ्यांचे नाव पुन्हा खोल कोरून मिळेल का, असे विचारण्याच्या बेतात होते. सासरे स्वतः भांडी घासायला सर्वांच्या आधी बसत असत, आणि ते नाव त्यांच्या पश्चात आम्ही मुलासुनांनी घातलेले आहे, हे तेव्हा आठवले आणि मी काही बोलले नाही. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, या वचनाप्रमाणे जगलेल्या माणसाला आम्ही पितळेवर मिरवत होतो.

जाण्याआधी काही गोष्टी लक्षात असू द्याव्यात. भांडी 2 दिवसांत देतो असे सांगितले होते, ती चौथ्या दिवशी मिळाली. पावती छापील नसून वहीतल्या कागदावर लिहून मिळते. भाव भांड्याच्या आकारावर आणि त्या दिवसाच्या कथिलाच्या दरावर ठरतो. आम्हाला तो मागच्या वर्षीच्या दुकानापेक्षा अधिक पडला आणि तो योग्यच वाटला. नवसागराच्या धुराने खोकला येतो, त्यामुळे लहान मुलांना सोबत नेऊ नये. नव्यासारखी चमकणारी भांडी हवी असतील त्यांचे येथे समाधान होणार नाही. घरी आणल्यावर भांडे रिकामे विस्तवावर ठेवू नये, कारण कथील सुमारे 232 अंश सेल्सिअसलाच वितळते. तारेच्या घासणीने घासू नये आणि ढवळायला लाकडी डाव वापरावा.

यंदा नाताळात कढी सासऱ्यांच्याच गंजात केली. गंज बाहेरून तपकिरी आहे आणि नाव जवळ जाऊन वाचावे लागते. शेवटच्या पंगतीला वाढताना मी तळाशी डाव घातला, तेव्हा कढी पिवळीधमक होती आणि तिच्याखाली कथील पांढरे दिसत होते.