औलीच्या उतारावर एक दिवस: बर्फ चांगला, बूट मात्र पारखून घ्यावेत

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातून कोणी स्कीइंगसाठी उत्तराखंडातल्या औलीला जावे का, असे मला गेल्या महिन्याभरात चार जणांनी विचारले. शिकायचे असेल तर अवश्य जावे, असे मी सांगतो. मात्र ज्याला स्की येते आणि ज्याला दिवसभर पोटभर उतरायचे आहे, त्याने अपेक्षा थोडी आवरती घ्यावी. मी स्वतः काही वर्षांपूर्वी गुलमर्गला दोन आठवड्यांत हे शिकलो. तिथला गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेतो आणि वरून उतरताना माणसाला स्वतःची मर्यादा नीट कळते. औलीचा पसारा त्यापेक्षा बराच लहान, सुमारे अडीच ते तीन हजार मीटरच्या दरम्यानचा आहे. मुख्य उतार साधारण १,३०० मीटर लांबीचा असून त्याला आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची मान्यता आहे. २०११ च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धांतील स्कीइंग याच उतारावर झाले.

प्रवास लांबचा आहे. भुसावळहून रेल्वेने हरिद्वार, तेथून ऋषिकेशमार्गे चार प्रयाग मागे टाकत मोटारीने जोशीमठ, ज्याचे नाव आता कागदोपत्री ज्योतिर्मठ झाले आहे. जोशीमठहून औलीला जाणारा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे २०२३ च्या जानेवारीत जमीन खचू लागल्यावर बंद करण्यात आला आणि आम्ही गेलो तेव्हाही तो बंदच होता, त्यामुळे वळणांच्या रस्त्याने जीप करावी लागली. मात्र रोपवेच्या खांबांचे आकडे लोकांच्या बोलण्यात अजून जिवंत आहेत. "आठ नंबर", "दस नंबर" असे पत्ते स्थानिक माणूस सहज सांगतो आणि अर्ध्या दिवसात आपणही तसेच बोलू लागतो.

सोबत धुळ्याचे मेहुणे आणि त्यांची अकरा वर्षांची मुलगी होती. पहाटे खोलीबाहेर पाऊल टाकताच मेहुणे थबकले आणि "आते काय करानं भो?" एवढेच म्हणाले. ज्या थंडीने आमच्या बागांना चरका बसतो, ती इथे दुपारची ऊब ठरेल.

आता मुख्य तक्रार, आणि तिच्यासाठीच हे सविस्तर लिहितो आहे. स्की, बूट आणि काठ्या भाड्याने देणारी दुकाने तिथे बरीच आहेत. आम्ही सकाळी घाईघाईने ज्या दुकानात शिरलो, तिथल्या माणसाने माझ्या पायाकडे एक नजर टाकली आणि एक जोड पुढे सरकवला. उजव्या बुटाची वरची बकल तुटलेली होती आणि तिच्या जागी सुतळी आवळलेली होती. स्कीचा बूट हा कडक प्लॅस्टिकचा असतो. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकी टेकावीत, गुडघे वाकवल्यावर ती मागे सरकावीत आणि टाच जागची हलू नये, ही त्याची साधी परीक्षा आहे. माझी टाच बोटभर उचलली जात होती. त्याहून गंभीर गोष्ट बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीची. पडल्यावर स्की पायापासून सुटली पाहिजे, आणि ती किती जोराने सुटावी हे वजन, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि माणसाचे कौशल्य पाहून स्क्रूने ठरवायचे असते. मी वजन सांगू लागलो तेव्हा "सब ठीक है साब" असे उत्तर मिळाले. हे सगळे ठाऊक असूनही मी तो जोड घेतला, हा दोष माझाच.

पहिल्याच फेरीत त्याचे फळ मिळाले. रात्रभर गोठलेला बर्फ सकाळी काचेसारखा कडक असतो आणि त्यावर स्कीची कड पकड घेत नाही. डावीकडे वळताना मी आडवा झालो, स्की सुटली नाही आणि गुडघ्याला चांगलाच पीळ बसला. बर्फात बसून सुतळीची गाठ सोडताना बोटे इतकी बधिर झाली की शेवटी ती दातांनी ओढावी लागली.

लंगडत खाली येऊन दुसरे दुकान गाठले. तिथल्या वयस्कर गृहस्थांनी आधी वजन विचारले, मग वय, मग कुठे शिकलात ते. बुटाच्या टाचेजवळचा आकडा चष्मा वर करून वाचला आणि पेचकसाने दोन्ही बाइंडिंगे जुळवून दिली. या सगळ्याला पाच मिनिटेही लागली नाहीत. भाडे पहिल्या दुकानाइतकेच होते.

साडेदहा ते साडेबारा हा काळ अप्रतिम होता. वरचा थर उन्हाने किंचित मऊ होतो, कड बेताची रुतते आणि लांब, सावकाश वळणे घेत खाली येता येते. समोर नंदादेवी असते. ७,८१६ मीटरचे ते शिखर पाहत उतरण्याचा मोह टाळावा, कारण नजर जिकडे जाते तिकडेच स्की जातात. हे मी एका शिकाऊ मुलाच्या अंगावर जाता जाता वाचून पुन्हा एकदा शिकलो. दुपारी दोननंतर बर्फ ओला होऊन स्कीला चिकटू लागतो आणि ऊन डोंगराआड गेले की पुन्हा गोठतो. म्हणून जेवणासाठी बाराला थांबू नये. सकाळी पोटभर खाऊन निघावे आणि राजमा-चावल दोननंतर घ्यावा.

वर जाण्यासाठी सुमारे ८०० मीटरची खुर्च्यांची लिफ्ट आहे. तिच्या रांगेत स्की घेतलेले थोडे आणि बर्फ पाहायला आलेले बरेच असतात, त्यामुळे उतरायला काही मिनिटे आणि वर जायला पाऊण तास असा हिशेब पडतो. दिवसभरात माझ्या सहा फेऱ्या झाल्या. तीन हजार मीटरवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण सत्तर टक्केच असतो, तेव्हा जळगावच्या सपाटीवरून आलेल्याला सहा फेऱ्याही कमी वाटू नयेत, अशी मी स्वतःची समजूत घातली. गुलमर्गला मात्र दुप्पट झाल्या असत्या.

शिकवणाऱ्यांबद्दल चांगलेच लिहिले पाहिजे. भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची गिर्यारोहण व स्कीइंग संस्था १९७३ पासून औलीत आहे आणि आजूबाजूच्या गावांतली कित्येक मुले बालपणापासून स्कीवर असतात. आमच्या भाचीला शिकवणारा तरुण ओरडत नव्हता. भीतीने माणूस मागे झुकतो, टाचांवर बसतो आणि नेमका त्यामुळेच वेग आवरत नाही. म्हणून तो सारखा "पिंडली आगे दबाओ" एवढेच सांगत होता. स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवून थांबायचे कसे, हे तिला उमगेना, तेव्हा मेहुण्यांनी काठावरून "अगं, नांगराचा फाळ!" असे ओरडून सांगितले. पुढच्याच खेपेला ती थांबली, आणि थांबल्याचे आश्चर्य वाटून बाजूला कलंडली.

जाणार असाल तर जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी धरा, आणि बर्फ पडल्याची खात्री करूनच तिकिटे काढा. कृत्रिम बर्फाची यंत्रे २०११ च्या स्पर्धांसाठी इथे आणली गेली, पण तसा बर्फ बनवायलाही हवा शून्याखाली जावी लागते. काळा चष्मा नव्हे, स्कीचा गॉगल घ्या. मेहुण्यांनी तो घेतला नाही, आणि परतीच्या वाटेवर श्रीनगर गढवालपर्यंत ते डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून बसले होते.