फ्लोट ट्यूब की फुगवायचा कयाक? सांगलीहून बंदरावर गळ टाकायला जाणाऱ्यांसाठी

गेल्या महिन्यात दोघातिघांनी एकच विचारलं, की रत्नागिरीकडं बंदरात गळ टाकायला ट्यूब घेऊ का कयाक, म्हणून एकदाच नीट लिहितो. ट्यूब म्हणजे हवा भरलेलं बसकं, त्यात बसून पाय खाली पाण्यात सोडायचे; कयाक म्हणजे वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी, इथं हवा भरून फुगवायची. माझ्याकडं दोन्ही होतं. कयाक तीन सीझन वापरला आणि मागच्या दिवाळीत विकला, ट्यूब अजून आहे. त्यावरनं कल कळलाच असेल, पण कयाकवाले चुकतात असं मी म्हणणार नाही, काही बाबतीत ते बरोबरच आहेत.

आधी एक सांगतो, ट्यूब घेऊन कृष्णेत उतरायचा विचारसुद्धा करू नका. भिलवडी, औदुंबरकडं मगरी आहेत हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको आणि ट्यूबमध्ये पाय कायम पाण्यात असतात. चिपळूणच्या वाशिष्ठीतही मगरी आहेत, त्यामुळं कोकणात गेलो तरी खाडीत लांब आत शिरायचं नाही, आधी तिथल्या मच्छीमारांना विचारायचं. सराव मी तासगावला मावसभावाच्या शेततळ्यात केला, लाईफ जॅकेट घालून, कमरेला दोर बांधून आणि दोराचं टोक त्याच्या हातात देऊन, कारण शेततळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावरनं ओल्या अंगानं वर चढता येत नाही.

आता खरा मुद्दा, वल्हं.

बंदरात आपण जातो ते जेट्टीच्या खांबांसाठी. तांबोशी, हेकरू हे मासे खांबाच्या आडोशाला बसलेले असतात, आमिष खांबाला लागून खाली गेलं तरच घेतात आणि घेतलं की लगेच परत खांबात शिरतात. फुगवायचा कयाक पाण्यावर पानासारखा तरंगतो. दोन वल्ही मारायची, वल्हं मांडीवर आडवं ठेवायचं, रॉड उचलायचा, गळ टाकायचा, तोवर वाऱ्यानं कयाकचं तोंड फिरलेलं असतं आणि गळाची दोरी कयाकच्याच पोटाखालून गेलेली असते. परत रॉड ठेवा, वल्हं उचला. नांगर टाका म्हणतात, मी टाकला, पण बंदराच्या तळाशी जुनी जाळी आणि दोर इतके पडलेले असतात की दोन नांगर तिथंच राहिले.

पूर्णगडच्या बाजूला एका सकाळी तीन मासे असेच गेले. तिसऱ्या वेळी वल्हं हातात असतानाच रॉड वाकला, मी वल्हं टाकून रॉड धरला, हिरवट पाण्यात हातभर खाली तांबूस कूस एकदा वळलेली स्पष्ट दिसली, मग दोरी खांबाला घासली आणि सैल पडली. वर ओढून बघितली तर टोक वातीसारखं पिंजलेलं. खांबांना कालवं (एक प्रकारचे शिंपले) चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी. त्या दिवशी आंबा घाटातनं परत येताना ठरवलं की दोन्ही हात मोकळे पाहिजेत.

ट्यूबमध्ये ते मिळतं. पायात फिन, म्हणजे पाणी मारायचे रुंद पंखे असतात, हातात फक्त रॉड. आणि फिननं आपण मागं सरकतो, हे सुरुवातीला विचित्र वाटतं, सारखं मान वळवून मागची बोट बघावी लागते, पण खांबाकडं तोंड करून बसायचं आणि मासा लागला की जोरात पाय मारत मागं यायचं, म्हणजे मासा आपोआप खांबापासून लांब ओढला जातो. कयाकमध्ये मासा मला आत ओढत होता, इथं मी त्याला बाहेर ओढतो. मोजमाप काही केलेलं नाही, पण खांबात जाणारे मासे निम्म्यावर आले असावेत असं मला वाटतं.

कयाक कुठं सरस आहे? अंतर आणि वारा. ट्यूब हळू चालते, ओहोटीचा ओढा लागला तर पाय कितीही मारा, जिथं पाणी नेईल तिथं जाणार. म्हणून उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, मी उतरतच नाही. अष्टमी-नवमी गाठायची, भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटी लहान, ओढ कमी, आणि तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ अंदाजे निघते, म्हणजे अष्टमीला सकाळी सहाच्या आसपास, आपल्याला हवी तीच. पहाटे मतलई वारा समुद्राकडं ढकलतो, तेव्हा बंदराच्या तोंडाकडं जायचं नाही, आणि दुपारचा खारा वारा सुटायच्या आत बाहेर. मिरकरवाड्यासारख्या मोठ्या बंदरात ट्रॉलरची ये-जा असते, तिथं ट्यूब नकोच. बरोबर मुलाला न्यायचं असेल किंवा बंदराबाहेर खडकापर्यंत जायचं असेल तर सरळ कयाक घ्या.

ट्यूबचे त्रासही आहेत. जेलीफिश दिसली की पाण्यात उतरू नये, एरवीही पूर्ण पायाची घट्ट पँट घालावी. शिंगाळा मासा लागला तर मांडीवर घ्यायचा नाही, त्याचा काटा ट्यूबलाही वाईट आणि हातालाही, पकडीनं लांबूनच सोडवायचा. खांबापासून रॉडभर अंतर ठेवायचं, कालवांनी माझ्या एका फिनची कड कापली आहे. आणि किनाऱ्यावर उन्हात फुल्ल हवा भरू नका, आधी थोडी कमी भरून पाण्यात गार झाली की मग पूर्ण करा.

खाऱ्या पाण्याची झीज दोन्हीला आहे. पण कयाकचं कव्हर आणि आतली हवेची पिशवी यांच्या मध्ये पाणी राहायचं, ते मी तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत दोन-दोन दिवस वाळवायचो आणि तरी गाडीत वास यायचा. ट्यूब एका हातात उचलून वर जाते, दोन बादल्या गोड्या पाण्यात धुऊन होते. ट्यूबच्या कव्हरची चेन मात्र विसरू नका, मिठाचे कण दातात बसतात आणि पुढच्या वेळी हलत नाही. जुन्या टूथब्रशनं घासायची, वाळली की मेणबत्ती फिरवायची.

घेणार असाल तर फिनमध्ये पैसे वाचवू नका, आणि माप घेताना चप्पल काढून नाही, जे बूट घालून पाण्यात उतरणार ते घालूनच घ्या.