जेरी फॉल्वेल यांच्या उपदेशांचा संच: आवाज पुरा, वारसा अर्धा

वडोदऱ्यातील एका ख्रिस्ती पुस्तकविक्रेत्याकडे गेल्या नाताळापासून एक संच विक्रीस आहे. अमेरिकेतील बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे दिवंगत उपदेशक जेरी फॉल्वेल यांचे निवडक उपदेश एका पेन ड्राइव्हवर भरलेले आहेत, सोबत मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तीन भाषांत त्यांचा परिचय करून देणारी छापील पुस्तिका आहे आणि वेष्टनावर ‘संपूर्ण वारसा’ हे शब्द ठळक अक्षरांत छापलेले आहेत. किंमत ९५० रुपये आहे. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना गुजरातीत होते, पण घरी मराठी पवित्र शास्त्र वाचणारी बरीच कुटुंबे आहेत, आणि त्यांतील उपदेशाची तयारी करणारे तरुण हा संच घ्यावा का असे विचारू लागल्यामुळे मी तो घेऊन सावकाश ऐकला. वेष्टनावरचे ते दोन शब्द नसते, तर या परीक्षणाचा सूर बराच वेगळा झाला असता.

आधी संचाच्या गुणांविषयी. ध्वनिमुद्रण बहुतांश ठिकाणी स्वच्छ आहे. जुन्या फितींवरून घेतलेल्या काही भागांत मागे सतत खरखर ऐकू येते, तरी शब्द एकही बुडत नाही. सुरुवातीच्या काळातील एका उपदेशात तर व्यासपीठावर पाने उलटल्याचा आवाज, समोरच्या बाकांवरून येणारे ‘आमेन’ आणि शेवटच्या आवाहनाच्या वेळी हळूच सुरू होणारे ऑर्गन हे सारे इतके स्पष्ट आहे की त्या मंडळीची लांबी-रुंदी कानांनी मोजता यावी. संकलकांनी हे आवाज पुसून टाकले नाहीत, हे त्यांनी फार चांगले केले. पुस्तिकेचा मराठी भाग शुद्ध आणि वाचनीय असून शास्त्रवचनांचे संदर्भ तपासून दिलेले दिसतात. मांडणी मात्र गैरसोयीची आहे. प्रत्येक ध्वनिफितीला केवळ क्रमांक आणि वर्ष दिलेले आहे, विषय दिलेला नाही, त्यामुळे प्रार्थनेवरचा उपदेश हवा असेल तर अंदाजाने एकामागून एक ऐकत जावे लागते.

ज्यांना हे नाव अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. मराठी भाषकांचा बॅप्टिस्टांशी संबंध जुना आहे. श्रीरामपूरच्या बॅप्टिस्ट मिशनचे विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी लिपीतील कोश प्रसिद्ध केला, हे आपल्याकडे शाळेपासून शिकवले जाते. फॉल्वेल ज्या मूलतत्त्ववादी परंपरेतून आले ती त्यानंतर शंभर वर्षांनी अमेरिकेत आकाराला आली. १९१० ते १९१५ या काळात प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकामालेने पवित्र शास्त्राची अचूकता, ख्रिस्ताचा कुमारीजन्म, त्याचे प्रायश्चित्त आणि पुनरुत्थान यांसारख्या मतांना अढळ पाया मानले, आणि पवित्र शास्त्राच्या आधुनिक चिकित्सेशी तडजोड करणाऱ्या मंडळ्यांपासून फारकत घेणे हे पुढे या परंपरेचे ओळखचिन्ह बनले. फॉल्वेल यांनी स्वतःला मूलतत्त्ववादी म्हणवून घेण्यात कधी संकोच केला नाही.

त्यांचा जन्म १९३३ चा, व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्गचा. वडील व्यापारी होते, दारूबंदीच्या काळात चोरटी दारूही विकत, आणि शेवटी त्याच दारूने यकृत निकामी होऊन १९४८ मध्ये वारले. १९५६ मध्ये बायबल कॉलेजातून बाहेर पडताच या तरुणाने आपल्याच गावात शीतपेये बाटल्यांत भरण्याच्या एका बंद कारखान्यात ३५ प्रौढ माणसांना घेऊन थॉमस रोड बॅप्टिस्ट चर्च सुरू केले आणि त्याच वर्षी रेडिओ व टीव्हीवर उपदेश सुरू केला. पुढे तो कार्यक्रम अमेरिकेतील शेकडो केंद्रांवरून प्रसारित होऊ लागला. १९५९ मध्ये मंडळीने व्यसनी पुरुषांसाठी एलिम होम नावाचे निवासस्थान उघडले. माझ्या मते फॉल्वेल यांच्या वारशातील निःसंशय चांगली गोष्ट ही आहे. व्यसनाने बाप गमावलेल्या मुलाने व्यसनी माणसांसाठी घर उघडावे, यात ख्रिस्ताची शिकवण जशीच्या तशी उतरलेली आहे, आणि संचात या विषयावरचे जे भाग आहेत ते ऐकताना त्यांच्या आवाजात एरवी न जाणवणारा ओलावा जाणवतो. पुस्तिकेने मात्र या कामाला दोन ओळी दिल्या आहेत.

उपदेशकाच्या कलेविषयी बोलायचे तर फॉल्वेल ओरडणारे नव्हते. त्यांचा आवाज भरदार, संथ, घरच्या वडीलधाऱ्याने समजावून सांगावे तसा आहे. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील कीर्तने ऐकत वाढलेल्या कानाला त्यांच्या उपदेशाचा घाट चटकन उमगतो: कीर्तनकार पूर्वरंगात सिद्धांत मांडतो आणि उत्तररंगात आख्यान लावून तो श्रोत्याच्या गळी उतरवतो, तर फॉल्वेल आख्यानाला दोन-चार मिनिटांतच आवरतात आणि थेट श्रोत्याच्या निर्णयावर येतात. आज, आत्ता, उठून पुढे या. सगळी बांधणी या एका क्षणासाठी असते. आमच्या तरुण उपदेशकांनी यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, विशेषतः एकच शास्त्रभाग हातात धरून शेवटपर्यंत न सोडणे.

आता वेष्टनावरच्या त्या दाव्याकडे वळतो. संचात १९५८ चा आणि १९६५ चा असे दोन उपदेश नाहीत, आणि पुस्तिकेत त्यांचा उल्लेखही नाही. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवल्यानंतर चार वर्षांनी फॉल्वेल यांनी व्यासपीठावरून सांगितले की गोरे आणि काळे यांना वेगळे ठेवणारी रेषा देवानेच आखली आहे आणि ती पुसण्याचा प्रयत्न माणसाने करू नये. २१ मार्च १९६५ रोजी, म्हणजे ज्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठी सेल्मा येथून माँटगोमेरीकडे मोर्चा निघाला त्याच दिवशी, त्यांनी मोर्च्यांत उतरणाऱ्या पाळकांवर, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंवर, टीका केली आणि पाळकाचे काम राजकारण नसून आत्म्यांचे तारण आहे असे ठामपणे मांडले. हा दुसरा उपदेश पुस्तिकारूपाने छापून वाटला गेला होता. ध्वनिफीत हाती लागली नाही अशी संकलकांची अडचण असेल, तर छापील मजकूर तरी परिशिष्टात देता आला असता.

फॉल्वेल त्या मतांवर कायम राहिले असते, तर त्यांच्या अनुयायांनी ती झाकून ठेवावीत हे निदान समजू शकले असते. पण फॉल्वेल यांनी स्वतःच ती मते पुढे नाकारली. आत्मचरित्रात ते सांगतात की दर शनिवारी त्यांचे बूट पॉलिश करणाऱ्या एका वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थाने, जो टीव्हीवर त्यांचा उपदेश नेमाने ऐकत असे, एकदा शांतपणे विचारले की तुमच्या मंडळीत मला कधी सामील होता येईल, आणि त्या वेळी त्यांना उत्तर देता आले नाही. पुढे मंडळीची दारे सर्वांना उघडली. मंडळीने १९६७ मध्ये काढलेल्या शाळेला स्थानिक वृत्तपत्राने गोऱ्या विद्यार्थ्यांची खासगी शाळा म्हटले होते, आणि शाळेमागे वर्णभेदाचा हेतू नव्हता हा फॉल्वेल यांचा खुलासा सर्वांनी मान्य केला नाही. त्यामुळे हे परिवर्तन किती खोल होते यावर वाद होऊ शकतो, आणि तो व्हायला हवा. तरीही ज्या धर्मात पश्चात्तापाला इतके मोल आहे, त्या धर्माच्या उपदेशकाचे आधीचे पाप आणि नंतरचा पश्चात्ताप दोन्ही वगळून त्याचा ‘संपूर्ण वारसा’ विकणे हा त्या माणसावरही अन्याय आहे आणि ज्यांच्याविरुद्ध ते शब्द उच्चारले गेले त्यांच्यावर तर त्याहून मोठा आहे. जातीच्या भिंती मंडळीच्या आतही उभ्या राहतात हे आपण भारतीय ख्रिस्ती चांगले जाणतो. बूट पॉलिश करणाऱ्या त्या गृहस्थाच्या प्रश्नावर आमच्या तरुणांनी एक रविवार बोलावे असे मला वाटते, आणि नेमका तोच प्रसंग पुस्तिकेत नाही.

दुसरी विसंगती संचात आहे, पण तिच्याकडे बोट दाखवलेले नाही. पाळकाने राजकारणापासून दूर राहावे असे सांगणाऱ्या याच उपदेशकाने १९७९ मध्ये मॉरल मेजॉरिटी ही संघटना स्थापन केली, गर्भपात, समलैंगिकांचे हक्क आणि शाळांतील प्रार्थना या प्रश्नांवर लाखो मतदारांना जागे केले आणि १९८० मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांच्या विजयाला बळ दिले. आज अमेरिकेत पुराणमतवादी ख्रिस्ती मतदार हा रिपब्लिकन पक्षाचा जो आधारस्तंभ दिसतो, तो उभारणाऱ्यांत फॉल्वेल अग्रभागी होते. संघटना १९८९ मध्ये विसर्जित झाली, पण तिने घालून दिलेली वाट मोडली नाही. त्यांच्यावर या काळात कठोर टीका करणाऱ्यांत बॉब जोन्स विद्यापीठाचे कट्टर मूलतत्त्ववादीही होते, कारण कॅथलिक, मॉर्मन आणि यहुदी यांच्याशी राजकीय हातमिळवणी करणे म्हणजे फारकतीचे तत्त्व सोडणे असे त्यांचे म्हणणे होते. पुस्तिकेने सर्व टीकाकारांना ‘देवाच्या कार्याचे विरोधक’ या एकाच रांगेत बसवले आहे. वाचकाची ही दिशाभूल आहे. आपल्याच परंपरेतून झालेली टीका लपवून परंपरा समजत नाही.

त्यांच्या जिभेने केलेल्या जखमांविषयी लिहिणे मला टाळता येत नाही. एड्स हा देवाचा न्याय आहे असे ते सांगत राहिले, आणि मरणाऱ्या माणसांच्या उशाशी बसलेल्या आयांनी ते ऐकले. १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून आल्यावर त्यांनी तेथील वर्णद्वेषी राजवटीवरील आर्थिक निर्बंधांना विरोध केला आणि त्या राजवटीविरुद्ध लढणारे बिशप डेस्मंड टुटू यांना ढोंगी म्हटले, मग माफी मागितली. १३ सप्टेंबर २००१ रोजी, न्यूयॉर्कचे मनोरे कोसळून दोनच दिवस झाले असताना, त्यांनी स्त्रीवादी, समलैंगिक आणि गर्भपाताचे समर्थक यांना त्या संहाराला हातभार लावणारे ठरवले, आणि पुन्हा माफी मागितली. दुसऱ्या बाजूला, त्यांच्या आत्मचरित्राचे लेखनसाहाय्य करणारे मेल व्हाइट यांनी पुढे आपण समलैंगिक असल्याचे जाहीर केले, तेव्हा १९९९ मध्ये लिंचबर्गला व्हाइट आणि त्यांच्या सुमारे २०० सहकाऱ्यांना बोलावून त्यांच्याशी बोलणारे फॉल्वेलच होते. त्यांचे मत बदलले नाही, पण भाषा सौम्य करण्याचे त्यांनी मान्य केले, आणि ते मान्य केल्यावर दोनच वर्षांत २००१ चे उद्गार आले. या माणसाचे मोजमाप करताना ही ओढाताण पूर्ण समोर हवी. संचात यांपैकी काहीही नाही.

पैशाच्या व्यवहारांवर पुस्तिका गप्प आहे. १९७३ मध्ये मंडळीने विकलेल्या कर्जरोख्यांवरून अमेरिकी रोखे आयोगाने खटला भरला. हेतुपुरस्सर फसवणूक सिद्ध झाली नाही, पण आर्थिक कारभारावर देखरेख नेमली गेली. १९७१ मध्ये १५४ विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेले त्यांचे महाविद्यालय आज लिबर्टी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते आणि दूरस्थ शिक्षणामुळे त्याची विद्यार्थिसंख्या एक लाखाच्या वर गेली आहे. १५ मे २००७ रोजी त्याच विद्यापीठातील कार्यालयात ते कोसळले आणि त्यांचे निधन झाले. विद्यापीठाची सूत्रे सांभाळणाऱ्या मुलाला २०२० मध्ये खासगी वर्तनावरून राजीनामा द्यावा लागला, आणि २०२४ मध्ये आवारातील गुन्ह्यांची माहिती कायद्याप्रमाणे न दिल्याबद्दल विद्यापीठाला १ कोटी ४० लाख डॉलर दंड झाला. याचा दोष मृत माणसावर टाकू नये, परंतु पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर विद्यापीठाचे रंगीत छायाचित्र छापून ‘फळांवरून झाड ओळखा’ असे लिहायचे असेल, तर सगळी फळे दाखवावी लागतात.

संच घ्यावा का? उपदेशाची कला शिकणाऱ्याने घ्यावा. ९५० रुपयांत इतके स्वच्छ ध्वनिमुद्रण आणि इतका कसलेला आवाज सहसा मिळत नाही. वर्गात किंवा युवक सभेत वापरायचा असेल, तर सोबत १९६५ च्या उपदेशाचा मजकूर मिळवून वाचावा आणि मगच १९७९ नंतरचे उपदेश ऐकवावेत, म्हणजे एकच माणूस चौदा वर्षांत कुठून कुठे गेला हे ऐकणाऱ्याला आपोआप कळेल. केवळ चरित्र समजून घेण्यासाठी हा संच घेऊ नये. संकलकांना मी पत्र लिहून पुढील आवृत्तीत ते दोन उपदेश, बूट पॉलिशवाल्याचा प्रसंग आणि विषयवार सूची घालण्याची विनंती केली आहे. ते जमणार नसेल तर निदान वेष्टनावरून ‘संपूर्ण’ हा शब्द काढावा, असेही कळवले आहे. दुकानदार पेन ड्राइव्ह दुकानातच चालवून दाखवतो आणि खराब निघाल्यास आठ दिवसांत बदलून देतो, त्यामुळे पावती जपून ठेवावी.